घोषणा तोंडपाठ, गुन्हा रजिस्टर नंबर कुणाला माहीत?



नाशिक जिल्ह्यात कुठेही जा. निफाडच्या कांदा मार्केटात, येवल्याच्या एसटी स्टँडवर, सटाण्याच्या चहाच्या टपरीवर ॲट्रॉसिटीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते : "अहो, बहुतेक केसेस खोट्याच असतात." बोलणारा कधी बागायतदार असतो, कधी प्राध्यापक, कधी चक्क वकील. आम्ही अशा माणसाला वाद घालायच्या आधी विचारतो, कोणत्या पोलीस ठाण्याची केस? गुन्हा रजिस्टर नंबर काय, वर्ष कोणते? निकाल काय लागला, आणि निकालपत्रात कोर्टाने कारण काय लिहिले? आजवर एकानेही उत्तर दिलेले नाही. "सगळ्यांना माहीत आहे" एवढ्यावर गाडी थांबते.

आता हाच प्रश्न आपल्या वस्तीत विचारून पाहा. चार वर्षांपूर्वी ज्या घटनेवरून तहसील कचेरीवर मोर्चा गेला, ज्याचे बॅनर अजून कुणाच्या तरी माळ्यावर गुंडाळून ठेवलेले असेल, त्या गुन्ह्याचा नंबर कुणाजवळ आहे? दोषारोपपत्र कधी दाखल झाले? पुढची तारीख कधी? आरोपी जामिनावर आहे की सुटला? मोर्चाचे फोटो शंभर जणांच्या मोबाईलमध्ये सापडतील. एफआयआरची प्रत बहुधा फिर्यादीच्या घरी पत्र्याच्या पेटीत असते, घड्या पडून फाटलेली, आणि तिच्यावरचा नंबर वाचता येत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. गावगाड्यात आपल्यावर झालेल्या गुन्ह्यांची नोंद सरकारच्या दप्तरात आहे, त्यातला मोठा भाग कायद्याने सर्वांसाठी खुला आहे, आणि ती नोंद आपण वाचत नाही म्हणून दोन लबाड्या बिनबोभाट चालतात. एक, "खोट्या केसेस"ची कुजबुज. दोन, अस्पृश्यता पाळणारा माणूस पुन्हा सरपंचपदाच्या खुर्चीवर.

पहिली लबाडी आधी घेऊ.

महाराष्ट्रात पोलीस तपास संपवतात तेव्हा एकतर दोषारोपपत्र पाठवतात, नाहीतर समरी. गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, तर 'ए' समरी. फिर्याद जाणूनबुजून खोटी दिली, तर 'बी' समरी. गैरसमजातून दिली गेली किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचे निघाले, तर 'सी' समरी. म्हणजे पोलिसांच्या मते केस खोटी असेल तर तसे म्हणायला त्यांच्याजवळ स्वतंत्र खाना आहे. 'खोट्या केसेस' मोजायच्या असतील तर 'बी' समरी मोजा, आणि ती कोर्टाने स्वीकारली का तेही पाहा, कारण फिर्यादीला तिच्याविरुद्ध हरकत घेता येते. पण कुजबुज करणारे मोजतात काय? निर्दोष सुटलेले आरोपी. सुटका झाली म्हणजे फिर्याद खोटी, असा त्यांचा हिशेब. या हिशेबाने पाहिले तर देशातले निम्मे खून झालेच नाहीत असे म्हणावे लागेल.

सुटका कशी होते हे खर्ड्याला विचारा. अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी पोराला मारून टाकले. दिवसाढवळ्या, शाळेपासून. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार फितूर झाले होते. नितीन मेला नव्हता का? तो निकाल 'खोट्या केस'च्या खात्यात टाकणाऱ्याने एकदा त्याच्या आईवडिलांसमोर उभे राहून तसे म्हणून दाखवावे.

खैरलांजीचे उदाहरण वेगळे आहे आणि जास्त शिकवणारे आहे. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरले, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. पण ॲट्रॉसिटीचा कायदा दोन्ही ठिकाणी टिकला नाही. साऱ्या महाराष्ट्राला जात दिसत होती, निकालाला दिसली नाही. जात पहिल्या कागदावर, पंचनाम्यात, जबाबात नीट उतरली नाही तर शेवटच्या कागदावर ती कुठून येणार? म्हणून एफआयआर लिहिली जात असताना शेजारी बसणारा, वाचून घेणारा, "साहेब, हे शब्द तसेच्या तसे घ्या" म्हणणारा कार्यकर्ता मोर्चात माईक धरणाऱ्यापेक्षा मोठे काम करत असतो. त्याला हार मिळत नाही, हा भाग वेगळा.

आणि सोनई. नेवासा तालुक्यात १ जानेवारी २०१३ ला मेहतर समाजातल्या तीन तरुणांचे खून झाले. तो खटला आपल्या नाशिकच्या न्यायालयात चालला. जानेवारी २०१८ मध्ये इथेच सहा जणांना दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली गेली. फाशीच्या शिक्षेबद्दल आमचे मत बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या मतापेक्षा निराळे नाही, ती नसावी. पण आमच्या शहरात एवढा मोठा निकाल लागला आणि आंबेडकरी अभ्यासवर्गात त्या निकालपत्राचे एकदाही सामूहिक वाचन झालेले आम्ही पाहिलेले नाही. कोणता पुरावा टिकला, कोणता साक्षीदार उभा राहिला, सरकारी वकिलांनी साखळी कशी जोडली, हे सगळे त्यात आहे. हरलेल्या केसेसवर आपण रडतो. जिंकलेली केस कशी जिंकली हे वाचायला कुणाला वेळ नाही.

आता नोंद शोधायची कशी, ते बोलू.

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची. दुर्गम भाग असेल, नेट नसेल तर ४८, फार तर ७२ तास. हे १५ नोव्हेंबर २०१६ पासून लागू आहे. वगळायच्या त्या लैंगिक गुन्ह्यांच्या, पोक्सोच्या, दहशतवाद-बंडखोरीच्या आणि तशाच संवेदनशील प्रकारच्या. 'संवेदनशील' हे ठरवण्याचा अधिकार डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याला नाही. ॲट्रॉसिटी या यादीत नावानिशी कुठेही नाही. तेव्हा ठाणे अंमलदार "ही जातीय केस आहे, वर टाकत नाही" म्हणाला तर शांतपणे विचारा, तसा निर्णय कोणत्या अधिकाऱ्याने दिला? एका ग्रामीण ठाण्यात आम्हाला उत्तर मिळाले, "गावात वातावरण बिघडेल." वातावरण मारहाणीने बिघडत नाही, मारहाणीच्या कागदाने बिघडते, असे ते शास्त्र.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआरचा विभाग आहे. तिथे जिल्हा निवडताना पहिला घोळ होतो. 'नाशिक शहर' आणि 'नाशिक ग्रामीण' वेगळे आहेत. पंचवटी, सातपूर, अंबड, नाशिकरोड शहर आयुक्तालयात. सिन्नर, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, मालेगाव हे ग्रामीण अधीक्षकांकडे. मग पोलीस ठाणे, मग तारीख. गाव नसते, ठाणे असते, म्हणून आपले गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते ते आधी माहीत हवे. अनेक पोरांना ते माहीत नसते, कारण ठाण्याची पायरी चढायची वेळच येऊ नये असे घरून शिकवलेले असते. ते शिकवणे समजण्यासारखे आहे. पण त्याचा फायदा कोण घेतो तेही समजून घ्या.

एफआयआर हा पहिला कागद, त्यावर थांबायचे नाही. गुन्हा क्रमांक हाती आला की ई-कोर्ट्सवर एफआयआर नंबर, पोलीस ठाणे आणि वर्ष टाकून खटला सापडतो. नावाने शोधू नका. मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कारकुनाची वेगळी, 'पगारे' तीन प्रकारे लिहिलेले सापडते. खटला सापडला की त्याचा १६ अंकाक्षरी सीएनआर लिहून घ्या, पुढची सगळी वाट त्यावरून. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या. ॲट्रॉसिटीचे विशेष न्यायालय सत्र न्यायालयाच्या दर्जाचे असते. तालुक्याच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयात तुम्ही महिनाभर शोधत बसाल आणि खटला नाशिक किंवा मालेगावला चालू असेल.

दोषारोपपत्र मात्र असे उघड्यावर मिळणार नाही. २० जानेवारी २०२३ च्या सौरव दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोषारोपपत्रे संकेतस्थळावर टाकता येणार नाहीत, तो सार्वजनिक दस्तऐवज नाही. पण नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम २३० मध्ये पीडिताला, त्याने वकील दिला असेल तर, या कागदांची प्रत मोफत मिळण्याची तरतूद आहे. कलम १९३ मध्ये तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादी किंवा पीडिताला कळवायचे बंधन आहे. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५ अ तर पीडिताच्या हक्कांसाठीच आहे. जामिनासह प्रत्येक सुनावणीची सूचना, बोलण्याचा हक्क. ऑक्टोबर २०२१ मध्ये हरिराम भांबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की ही सूचना बंधनकारक आहे, उपचार नव्हे. आपल्या जिल्ह्यात किती फिर्यादींना जामिनाची सुनावणी होऊन गेल्यावर आरोपी गावात परत दिसला तेव्हाच कळते? हा आकडा कुणी काढलेला नाही. तो काढणे हे आपले काम आहे.

एक तिसरे दप्तर आहे, ज्याकडे चळवळीचे अजिबात लक्ष नाही. ॲट्रॉसिटीच्या पीडिताला अर्थसहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते. गुन्हा नोंदल्यावर काही, दोषारोपपत्र गेल्यावर काही, शिक्षा झाल्यावर काही. म्हणजे समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जिल्ह्यातल्या प्रत्येक नोंदलेल्या प्रकरणाची फाईल असतेच. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती आहे, नियम १७ प्रमाणे तिने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचे आहे. उपविभागीय समितीही आहे, नियम १७ अ. या बैठकीच्या टिपणीत पोलीस तपासावर किती, कोर्टात किती, निकाली किती, सगळे मांडलेले असते. माहिती अधिकारात इतिवृत्त मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाचे नाशिक खंडपीठ. इतिवृत्तात दोन गोष्टी पाहा. बैठका खरोखर झाल्या का, आणि तपासाला ६० दिवसांपेक्षा जास्त लागले असतील तर लेखी कारण नोंदवले का. कलम ४ खाली कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा लोकसेवक स्वतः आरोपी होऊ शकतो, त्यातही ६० दिवसांचा उल्लेख आहे. त्या समितीवर अशासकीय सदस्य म्हणून आपलीच माणसे असतात. लेटरहेडवर 'सदस्य, जिल्हा दक्षता समिती' छापून घेतात. त्यांनी बैठकीत कोणता प्रश्न विचारला हे इतिवृत्तात दिसेल. काहींचे नाव 'उपस्थित' या रकान्यापलीकडे दिसणार नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

येथे आम्हाला एक कडू गोष्ट बोलायची आहे. केस मिटवणारे आपल्यातही आहेत. गुन्हा नोंदवला जातो तेव्हा पुढे असतात, आणि सहा महिन्यांनी फिर्यादीला "कोर्टकचेरी परवडायची नाही, गावात राहायचे आहे" म्हणून समजावणारेही तेच. मधे काय देवघेव होते ते वस्तीला माहीत असते. मग साक्ष फिरते, आरोपी सुटतो, आणि तो निकाल समोरचा माणूस "पाहा, खोटी केस" म्हणून मिरवतो. नोंद सार्वजनिक झाली, कोणत्या केसमध्ये कोण फितूर झाले आणि त्याआधी कोण घरी जाऊन बसत होते हे लिहिले जाऊ लागले, तर या दलालांची पंचाईत होईल. आमच्या सूचनेला सर्वांत आधी विरोध तिकडूनच येणार आहे. तो "समाजाची बदनामी" या नावाने येईल.

पण सरकारी नोंदवही ही दुधारी वस्तू आहे, हे ज्याला कळत नाही त्याने ती हातात घेऊ नये.

एक वही आपल्या जिल्ह्यात नेहमीच उघडी राहिली आहे. पारध्याची. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ चा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नजर तशीच राहिली. चोरी कुठेही होवो, पहाटे पालावर जीप येते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दल बोलताना मागास आणि वंचित समाजातल्या निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहातून त्यात चढवली जातात यावर बोट ठेवले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. म्हणजे स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाल्यावर. पारध्याच्या पोराची नोंद गावाला पाठ, आणि बौद्धवाड्यावर दगड टाकणाऱ्याची नोंद गावाच्या लेखी 'किरकोळ वाद'. हा भेद जातीने केलेला आहे.

मालेगाव तर आपल्याच जिल्ह्यात. ८ सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटात नऊ मुस्लिम तरुणांना पकडले, वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांच्यावरचे आरोप काढून टाकले. पकडल्याची बातमी पहिल्या पानावर होती. आजही कुणी त्यांच्या नावावर एफआयआर शोधून 'अतिरेकी' म्हणेल. म्हणून आमचा आग्रह आहे की नोंद घ्यायची ती शेवटपर्यंत घ्यायची. नुसती एफआयआर व्हॉट्सॲपवर फिरवणे म्हणजे पोलिसांचे म्हणणे फुकटात छापून देणे. आरोपी म्हणजे दोषी नव्हे, हे आपल्या शत्रूलाही लागू आहे. तसे नसेल तर आपल्यालाही लागू राहणार नाही.

आणि पीडित स्त्रीचे, लहान मुलाचे नाव कुठेही येता कामा नये, भले घरच्यांची परवानगी असो. पीडित मेली म्हणून नाव छापायची मुभा मिळते असेही समजू नका. हा कायदा आहे, पण कायदा नसता तरी आम्ही हेच म्हटले असते. मृतदेहाचे फोटो टाकणारी 'क्रांतिकारी' पेजेस आपल्याकडे आहेत, त्यांना हे वाक्य दोनदा वाचायला द्या.

नोंदवहीत आपली पोरेही आहेत. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर राज्यभर आंबेडकरी तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्यातले कित्येक आज पोलीस भरतीला, रेल्वेला, बँकेला अर्ज करतात आणि चारित्र्य पडताळणीत अडकतात. गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा झाल्या की पोरांना वाटते विषय संपला. घोषणेने खटला मिटत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. तुमच्या नावावरचा खटला खरोखर मिटला का, हे तुम्ही स्वतः ई-कोर्ट्सवर पाहिले आहे का? पाहा, आजच पाहा. आणि नोकरीच्या अर्जात गुन्हा लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१६ चा अवतार सिंग निकाल सांगतो की माहिती खरी द्यावी, गुन्हा क्षुल्लक असेल तर नोकरी देणाऱ्याला तो सोडून देता येतो. लपवलेले सापडले की मात्र हातातली नोकरीही जाऊ शकते. बंदमध्ये रस्त्यावर उतरवणारे नेते अशा वेळी फोन उचलत नाहीत, तेव्हा हे स्वतःच शिकून घेतलेले बरे.

कुणी म्हणेल, हे सगळे आता खासगीपणाच्या आड येते. खासगीपणाचे नाव घेऊन दार ओढायचे काम सरकारने सुरू केलेच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ज) बदलले, आणि वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी देता येईल हे त्या कलमातले वाक्य गेले. पण कलम ८(२) शिल्लक आहे. त्यात जनहित मोठे असेल तर सवलतीतली माहितीही देता येते. अर्जात त्याचा उल्लेख करायला शिका. सरपंचाने अस्पृश्यता पाळली म्हणून झालेली शिक्षा ही त्याची खासगी बाब असेल, तर मग सार्वजनिक काय आहे?

या कामाला 'कारकुनी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर लादलेले नियम सांगितले, ते टाइम्स ऑफ इंडियाच्या ४ जानेवारी १९२८ च्या अंकाचा दाखला देऊन. गुजरातच्या कविठ्याचे नाव घेतले, जयपूरच्या चकवाऱ्याचे घेतले. गाव, तारीख, कोणी काय केले, हे सगळे नावानिशी. १९२८ साली मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीबाबत समिती नेमली, तिच्यात बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीने सामाजिक बहिष्काराबद्दल जे नोंदवले, तोच उतारा त्यांनी गोलमेज परिषदेतल्या निवेदनात पुरावा म्हणून ठेवला आणि बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. ॲट्रॉसिटी कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार स्पष्ट गुन्हा म्हणून आला तो २६ जानेवारी २०१६ पासून. मधे ८५ वर्षे गेली, पण कागद तयार होता म्हणून मागणी मेली नाही.

आणि काळाराम. २ मार्च १९३० पासून सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे रेटला. त्याचा दिवसवार तपशील आज आपल्याला कळतो त्यात सरकारी आणि पोलिसी टिपणांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली छापलेल्या साधनग्रंथात तो वाचायला मिळतो. नजर ठेवणाऱ्यांनी लिहिले ते आपला इतिहास झाले. आज आपल्यावर काय घडते हे पन्नास वर्षांनी कुणी शोधायला निघाले तर त्याला फक्त ठाण्याचीच वही मिळावी का?

आता दुसरी लबाडी, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम १४. ग्रामपंचायतीचा सदस्य कोण होऊ शकत नाही याची ती यादी आहे. तिच्यात अगदी सुरुवातीला काय आहे माहीत आहे? १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याखाली दोषी ठरलेला माणूस, पाच वर्षे उलटेपर्यंत. त्याच ओळीत दारूबंदी कायदा. त्याखाली, इतर कोणत्याही गुन्ह्यात किमान सहा महिने शिक्षा झालेला. १९५५ च्या त्या कायद्याचे नाव १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले, आपण त्याला पीसीआर म्हणतो. आमदार-खासदारांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८(१) पाहा. तिथेही पीसीआर आहे. नुसता दंड झाला तरी सहा वर्षे अपात्र.

आणि ॲट्रॉसिटी? कलम ८(१) च्या यादीत ॲट्रॉसिटी कायदा नाहीच. सतीप्रतिबंधक कायदा आहे, अमली पदार्थांचा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा नाही. त्याखाली दोषी ठरलेला माणूस विधानसभेला अपात्र व्हायचा तर शिक्षा दोन वर्षांची व्हावी लागते. सहा महिने, वर्षभर झाली तर तो आनंदाने उभा राहील आणि १४ एप्रिलला पुतळ्याला हारही घालील. हे कलम बदलावे ही मागणी आपल्या कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळक अक्षरात आहे, ते आम्हाला दाखवा.

ते होईल तेव्हा होईल. आज हातात आहे ते वापरा. मंदिरात जाऊ दिले नाही, सलूनमध्ये दाढी केली नाही, हॉटेलात वेगळा कप दिला, पाणवठ्यावर अडवले, अस्पृश्य म्हणून अपमान केला, तर फिर्यादीत ॲट्रॉसिटीबरोबर पीसीआरची कलमेही लावून घ्या. ठाण्यात म्हणतील, "मोठे कलम लावलेय, ते जुने कशाला?" सांगा, त्या जुन्या कायद्याच्या कलम १२ मध्ये गृहीतक आमच्या बाजूने आहे. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेतूनच झाले असे कोर्ट धरून चालते, उलटे सिद्ध करायचे ते आरोपीने. आणि शंभर रुपये दंड झाला तरी त्या माणसाची खुर्ची जाते. गावात जातदांडग्याला तुरुंगाची भीती फारशी नसते, जामीन कसा मिळवायचा त्याला माहीत असते. खुर्चीची भीती असते.

अट एकच, त्याला शिक्षा झाली आहे हे सांगणारा कागद कुणाजवळ तरी हवा. उमेदवार आपल्या घोषणापत्रात काय लिहितो ते गाव वाचत नाही, तो खरे लिहितो का हे निवडणूक निर्णय अधिकारी आपणहून तपासत नाही. हरकत छाननीच्या दिवशी घ्यावी लागते आणि तोंडी हरकत कुणी ऐकत नाही. निकालपत्राची प्रमाणित नक्कल लागते, तिचा अर्ज कोर्टाच्या नक्कल विभागात आधी द्यावा लागतो. तुम्ही त्या खटल्यात पक्षकार नसाल तर कारण लिहून, शपथपत्र जोडून. जुन्या खटल्याची फाईल रेकॉर्ड रूममधून निघायला आठवडे जातात, आणि छाननी एका दिवसात आटोपते. तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीत कोण उभे राहणार याची चर्चा सुरू झालीच असेल, तर त्या नावांपैकी कुणावर कोणत्या ठाण्यात काय नोंदवले गेले आणि कोर्टात त्याचे काय झाले, ते या महिन्यातच काढायला घ्या. ज्यांना नाशिक कोर्टातला नक्कल अर्ज भरायला अडचण येईल त्यांनी आम्हाला कळवावे, आम्ही सोबत येऊ.